‘माझ्यासाठी कातडं अंथरा’: ओरोमो म्हणी बोलण्यात काय काम करतात

समजा, इथिओपियाच्या पठारावरच्या एखाद्या ओरोमो गावात दहा-बारा माणसं कॉफी पीत बसली आहेत. त्यांत एक पाहुणा आहे, दुसऱ्या मुलखातून नुकताच आलेला. तो आपल्या घराण्याबद्दल सांगतोय, आपल्या गुरांबद्दल सांगतोय, आपल्या शब्दाला तिकडे किती मान आहे हे सांगतोय. खरं-खोटं करणारं इथं कुणी नाही. एक म्हातारा सगळं शांतपणे ऐकून घेतो, कप खाली ठेवतो आणि म्हणतो, “गोगा ना अफा, जेडे वराबेस्सि.” माझ्यासाठी कातडं अंथरा, म्हणालं तरस.

एवढंच. लोक हसतात. पाहुणाही हसतो, कारण न हसून सांगतो कुणाला? आणि त्यानंतर तो जरा बेतानं बोलू लागतो.

पूर्ण म्हण अशी आहे: तरस अनोळखी मुलखात गेलं आणि म्हणालं, माझ्यासाठी कातडं अंथरा. ओरोमो घरात मान्य पाहुण्याला बसायला बैलाचं कमावलेलं कातडं अंथरण्याची रीत होती. आता तरस म्हणजे कातडंसुद्धा चावून खाणारं जनावर. ज्या गावात त्याला ओळखतात तिथं त्याच्यापुढं कुणी कातडं टाकणार नाही. टाकलं तर ते बसणार नाही, खाऊन टाकील. पण जिथं कुणी ओळखत नाही तिथं ते भल्या घरच्या पाहुण्यासारखं आसन मागू शकतं. परक्या ठिकाणी जाऊन मोठेपणा मिरवणाऱ्याबद्दल याहून नेमकं काय बोलणार?

पण मला या म्हणीतल्या नेमकेपणापेक्षा म्हाताऱ्यानं काय केलं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘तू खोटं बोलतोस’ असं तो म्हणाला नाही. तसं म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, पाहुणा उठून गेला असता, यजमानाची मान खाली गेली असती. म्हातारा बोलला ते तरसाबद्दल. शब्दही त्याचा नव्हता, तरसाचा होता. पाहुण्याला जे कळायचं ते कळलं, आणि तरीही त्याचं आसन शाबूत राहिलं. ओरोमो म्हणी नेमकं काय काम करतात हे समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करावी लागते.

ओरोमो हा इथिओपियातला सर्वांत मोठा समाज. तिथल्या 2007 च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे अडीच कोटी, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून थोडी जास्त होती. उत्तर केनियातही ओरोमोंच्या शाखा आहेत, बोराना त्यांतली ठळक. यांत शेतकरी आहेत, गुरं राखणारे आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि वाका या आकाशदेवाला मानणारेही आहेत. भाषा मात्र एक: अफान ओरोमो. ‘अफान’ म्हणजे तोंड, आणि ‘अफान’ म्हणजेच भाषा. सोमाली आणि अफार या तिच्या जवळच्या बहिणी. भाषाशास्त्रज्ञ या गटाला कुशिटिक म्हणतात.

या भाषेत म्हणीला ‘मम्माक्सा’ म्हणतात. आणि म्हण घालून बोलण्यासाठी तिच्यात एक स्वतंत्र क्रियापद आहे: ‘मम्माकू’. आपल्याला मराठीत ‘म्हण वापरणे’, ‘म्हणीत बोलणे’ असे दोन शब्द जोडावे लागतात. ओरोमोत ती गाणं, नाचणं, रडणं यांसारखी एक सरळ क्रिया आहे. भाषण असो, लेख असो, घरातलं बोलणं असो, एक वाक्य सतत कानावर पडतं: “ओरोमोन येरो मम्माकु…”, ओरोमो जेव्हा म्हणीत बोलतो तेव्हा… आणि पुढं म्हण येते. बोलणारा ‘मी म्हणतो’ असं म्हणतच नाही. म्हणणारा सगळा समाज.

अनेक म्हणींच्या शेवटी ‘जेडे’ किंवा ‘जेत्ते’ येतं. म्हणजे ‘म्हणाला’, ‘म्हणाली’. तरस म्हणालं, माकड म्हणालं, गाढव म्हणालं. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये, कारण आपला ‘म्हण’ हा शब्दच ‘म्हणणे’ या क्रियेतून आला आहे. बोलणाऱ्याला स्वतःच्या तोंडून जे काढता येत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी आधीच म्हणून ठेवलेलं असतं. हा दुसरा कुणीतरी जनावर असेल तर फारच बरं. त्याच्याशी कुणाला भांडता येत नाही.

म्हणीबद्दल ओरोमोंची स्वतःचीच एक प्रसिद्ध म्हण आहे: “दुब्बीन मम्माक्सा हिन कब्ने, इत्तो सोगिद्दा हिन कब्ने.” म्हणीवाचून बोलणं म्हणजे मिठावाचून कालवण. इत्तो म्हणजे दाटसर, तिखट कालवण. आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या, जाळीदार भाकरीवर ते वाढतात आणि त्याच भाकरीच्या तुकड्यानं उचलून खातात, एकाच ताटात चौघं-पाचजण बसून. या म्हणीतलं मीठ आपल्या आजच्या स्वयंपाकघरातलं स्वस्त मीठ समजू नये. इथिओपियाच्या पठारावर मीठ बाहेरून यायचं: अफारच्या खोलगट, तापलेल्या मैदानातून लाद्या कापून, उंटांच्या तांड्यांवर, डोंगर चढून. मिठाच्या या लाद्यांना ‘अमोले’ म्हणत आणि विसाव्या शतकापर्यंत त्या बाजारात पैशासारख्या चालत. म्हणजे म्हणीची तुलना ज्या मिठाशी केली ते चवीचंही होतं आणि मोलाचंही.

या उपमेत आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त पटते. मीठ नुसतं कुणी खात नाही. आफ्रिकेतल्या म्हणींच्या याद्या आजकाल मोबाइलवर फिरत असतात: एकाखाली एक पंचवीस म्हणी, प्रत्येकीला एक सुंदर छायाचित्र. त्या वाचताना ‘छान आहे’ एवढंच मनात येतं आणि पुढच्या क्षणी ती म्हण विसरली जाते. कारण तिथं चमचाभर मीठ हातावर ठेवलेलं असतं, कालवणाचा पत्ता नसतो. कोण कुणाला, कशावरून, कुणाच्या देखत म्हणालं, हे गेलं की म्हणीचा अर्धा जीव गेला.

म्हणून एक प्रसंग घेऊ.

गावातल्या दोन शेजाऱ्यांचं बिनसलं आहे. एकाची गुरं दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरली. दुसऱ्यानं रागाच्या भरात एका गाईला काठी मारली, गाय लंगडी झाली. आता नुकसान कुणी कुणाचं भरायचं? पोलिस आणि कोर्ट आहेत. पण ओरोमो गावात असा तंटा आधी जातो गावच्या जाणत्यांकडे. त्यांना ‘जार्सा बिय्या’ म्हणतात, शब्दशः मुलखाचे म्हातारे, आणि त्यांच्या समेट घडवण्याच्या कामाला ‘जार्सुम्मा’. ही माणसं सरकारनं नेमलेली नसतात. ज्यांच्या शब्दाला वजन आहे, ज्यांना रीत माहीत आहे, त्यांना लोक बोलावतात. बैठक बहुतेकदा झाडाखाली भरते. ओरोमोंच्या लेखी झाडांत थोर ते ‘ओडा’, म्हणजे आपल्या उंबराच्या कुळातला एक विशाल वृक्ष. त्यांच्या मोठ्या सभाही पूर्वापार ओडाखाली भरत आल्या आहेत.

दोघं आपापली बाजू मांडतात. मध्येच बोलायचं नाही. मग जाणते बोलू लागतात, आणि इथं मम्माक्सा सुरू होते. एकजण म्हणतो, “कुबा तोक्कोन फूला हिन डिकतन.” एका बोटानं तोंड धुता येत नाही. वरवर पाहता हा एकीचा उपदेश वाटतो, शाळेच्या भिंतीवर लिहावा तसा. पण या बैठकीत त्याचा अर्थ तेवढाच राहत नाही. गुरांच्या मालकाला तो सांगतो की उद्या पेरणीला, मळणीला हाच शेजारी लागणार आहे. पिकाच्या मालकालाही तेच सांगतो. आणि जमलेल्या लोकांना सांगतो की निकाल एकाच्या बाजूनं पूर्ण लागणार नाही, दोघांनाही थोडं सोडावं लागेल. तीन माणसांना तीन गोष्टी, शब्द मोजून पाच. हाच निकाल सरळ शब्दांत आधी सांगितला असता तर दोघंही बिथरले असते. म्हणीनं आधी जमीन तयार केली.

समजा, गुरांचा मालक हटून बसला. गुरं मीच मोकळी सोडली होती, काय करायचं ते करा, म्हणाला. तेव्हा दुसरा जाणता जरा कडक म्हण काढतो: “मना अब्बान गुबे इय्या हिन कबु.” मालकानं स्वतः पेटवलेल्या घरासाठी हाकाटी नाही. इथं ‘इय्या’ या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण त्याच्यामागं एक अख्खी समाजव्यवस्था उभी आहे.

पठारावरची ओरोमो घरं एकमेकांना चिकटून नसतात. आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर, विखुरलेली असतात. घराला आग लागली, चोर आला, तरसानं वासरू उचललं, तर माणूस बाहेर येऊन उंच, लांबवर जाणारी आरोळी ठोकतो. ती इय्या. ती ऐकली की हातातलं काम टाकून धावायचं, हा शेजारधर्म. या धावून जाण्यालाही वेगळं क्रियापद आहे, ‘बिर्मचू’. त्यावरच दुसरी म्हण आहे: “अब्बान इय्यतु मले ओल्लान हिन बिर्मतु.” ज्याचं त्यानं ओरडल्याशिवाय शेजारी धावत नाही.

आता या दोन म्हणी शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक म्हणते, ओरडलास तरच मदत येईल. दुसरी म्हणते, स्वतःच्या हातानं पेटवलंस तर कुणाच्या नावानं ओरडणार? शब्द तोच, इय्या. एका म्हणीत धीर आहे, दुसरीत धाक. दुःख गिळून घरात बसलेल्याला पहिली म्हण बाहेर काढते. हट्टानं स्वतःचंच वाटोळं करणाऱ्याला दुसरी म्हण भानावर आणते. कोणती म्हण कुठं काढायची हे ज्याला कळतं त्याला लोक पुढच्या वेळी पुन्हा बोलावतात. पाठांतर पुष्कळांचं असतं. वेळ ओळखणं थोड्यांना जमतं.

समेट झाला की जाणते आशीर्वाद देतात, ‘एब्बा’. एक वाक्य झालं की बसलेले सगळे एका सुरात म्हणतात, “हा तऊ”, तसं होवो. आशीर्वादातही तोच घाट असतो, दोन समतोल तुकड्यांचा, नाद असलेला. कॉफीच्या वेळचा एक आशीर्वाद तर घरोघरी ऐकू येतो: तुमच्या घरात कॉफी आणि शांती यांची उणीव न पडो. कॉफीचं झुडूप मुळात याच मुलखातल्या जंगलांतलं. दक्षिणेकडचे ओरोमो कॉफीची आख्खी फळं लोण्यात तळतात आणि त्याला ‘बुना कला’ म्हणतात, म्हणजे ‘कॉफीचा बळी’. बैल कापण्याऐवजी कॉफीचा बळी द्यायचा आणि शांती मागायची. असं तळणं चालू असताना घरभर लोण्याचा वास सुटतो आणि फळं तडतडत उकलतात. म्हणी, आशीर्वाद, गाऱ्हाणी, सगळं याच बैठकीत वर येतं.

थोडं आवाजाबद्दल, कारण भाषांतरात म्हणीचा हाच भाग सगळ्यांत आधी सांडतो. ओरोमोतली बहुधा सगळ्यांत जास्त उच्चारली जाणारी म्हण ही: “डुगान नि कल्लत्ति मले हिन चित्तु.” सत्य बारीक होतं, पण तुटत नाही. यातलं ‘नि’ होकार दाखवतं आणि ‘हिन’ नकार. मधला ‘मले’ तराजूच्या काट्यासारखा. आणि क्रियापदांचे शेवट ऐका: होकाराचं ‘त्ति’, नकाराचं ‘त्तु’. एका स्वराचा फरक, आणि सगळा अर्थ त्या स्वरावर उलटतो. सत्य या भाषेत स्त्रीलिंगी चालवलं आहे. चित्र दोरीचं आहे. ताणून ताणून दोरीचा धागा उरला तरी तुटत नाही.

‘डुगा’ म्हणजे सत्य. रोमन लिपीत ते लिहिताना सुरुवातीला डी आणि एच लिहितात, म्हणून परका माणूस ‘धुगा’ वाचतो. पण तो उच्चार आपल्या ‘ड’च्या जवळ आहे, फक्त जिभेनं ड म्हणताना हवा किंचित आत ओढायची. मराठी जिभेला तो जमतो. करून पाहा.

त्यांच्या लिपीची गोष्टही म्हणींशी जोडलेली आहे. सम्राट हैले सेलासीच्या राज्यात ओरोमो भाषेला शाळेत, कचेरीत, छापखान्यात जागा नव्हती; कारभार आणि शिक्षण अम्हारिक भाषेत चाले. कोर्टात उभ्या राहिलेल्या ओरोमो शेतकऱ्याला स्वतःचं म्हणणं दुभाष्याकडून सांगावं लागे. 1974 मध्ये सम्राटाची सत्ता गेली, लष्करी राजवट आली, ओरोमोत थोडं छापलं जाऊ लागलं, पण इथिओपियाच्या जुन्या लिपीत. त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवायची सोय नाही, आणि ओरोमोत ‘लफा’ म्हणजे जमीन तर ‘लाफा’ म्हणजे मऊ. जोडाक्षरातलं दुहेरी व्यंजनही त्या लिपीत दिसत नाही. जिथं एका मात्रेवर म्हणीचा ताल अवलंबून आहे तिथं हे नुकसान लहान नव्हतं. लष्करी राजवट गेल्यावर 3 नोव्हेंबर 1991 रोजी ओरोमो अभ्यासकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मोठ्या सभेनं रोमन अक्षरांवर बेतलेली ‘कुबे’ लिपी स्वीकारली. त्यात दीर्घ स्वर दोनदा लिहितात. पुढं शाळा याच लिपीत चालू लागल्या आणि शाळेच्या पुस्तकांत मम्माक्सा आली.

म्हणजे कित्येक पिढ्या ही भाषा फक्त तोंडात होती. कागद नव्हता, दप्तर नव्हतं. त्या काळात कायदा, रीत, इतिहास वाहून नेण्याचं काम ज्या गोष्टींनी केलं त्यात म्हणी होत्या. ओरोमोंची गडा पद्धत याचं मोठं उदाहरण. यात पुरुष वयानुसार नव्हे तर पिढीनुसार गटांत विभागले जातात आणि दर आठ वर्षांनी सत्ता एका गटाकडून दुसऱ्याकडे जाते. युनेस्कोनं 2016 मध्ये या पद्धतीला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. तिचे नियम सभेत उभं राहून, तोंडी, आठवणीतून सांगितले जातात. जे तोंडी टिकवायचं ते घोटीव असावं लागतं, आणि घोटीव वाक्य बनवण्याची तालीम म्हणीतून मिळते.

कागदावर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ओरोमो उतरली ती एका विलक्षण जोडीमुळे. ओनेसिमोस नेसिब हा मुलगा लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, 1870 मध्ये तांबड्या समुद्रावरच्या मासावा बंदरात सुटका होऊन स्वीडिश मिशनऱ्यांकडे वाढला. आस्तेर गन्नो ही मुलगीही गुलामच. 1886 मध्ये तिला अरबस्तानात विकायला नेणारी नाव तांबड्या समुद्रात इटालियन जहाजांनी अडवली आणि ती मासावाजवळच्या मिशनच्या शाळेत पोचली. याच समुद्रावरून काही शतकं आधी इथिओपियातली माणसं विकली जाऊन दख्खनपर्यंत आली होती. मलिक अंबर त्यांच्यातला. आस्तेरची नाव अडवली गेली नसती तर तिचा मागमूसही राहिला नसता.

शाळेत ओनेसिमोसच्या लक्षात आलं की या मुलीच्या डोक्यात भाषेचं भांडार आहे. तिनं सुमारे पाचशे गोष्टी, गाणी, कोडी आणि म्हणी आठवणीतून लिहून काढल्या. त्यांतल्या पुष्कळ 1894 मध्ये छापलेल्या ओरोमो वाचनपुस्तकात आल्या. शब्दकोशाचं मोठं काम तिनं केलं, बायबलच्या ओरोमो भाषांतराला शब्द पुरवले; ते 1899 मध्ये छापून झालं. मला त्या वाचनपुस्तकाचं फार अप्रूप वाटतं. घरापासून तोडलेली, पुन्हा घरी जाईन की नाही याची शाश्वती नसलेली एक तरुण मुलगी परक्या किनाऱ्यावर बसून घरी ऐकलेल्या गोष्टी आणि म्हणी आठवते आहे, एकेक करून. 1904 मध्ये ती आणि ओनेसिमोस पश्चिम इथिओपियातल्या वेल्लेगा भागात परतले आणि नेकेम्तेला शाळा काढली.

त्या काळच्या युरोपीय पुस्तकांत या लोकांसाठी वेगळंच नाव सापडतं. ते बाहेरच्यांनी लावलेलं, हिणवणारं नाव आहे. ओरोमोंना ते अपमानाचं वाटतं, आणि इथं ते लिहिण्याची गरज नाही. ‘सत्य बारीक होतं, पण तुटत नाही’ ही म्हण मिरवणुकीत, गाण्यात, भाषणात एवढी का ऐकू येते, हे यावरून लक्षात यावं.

काही म्हणींवर मात्र एकट्या ओरोमोंनी हक्क सांगू नये, आणि जाणते लोक सांगतही नाहीत. “सूता सूता हंकाकून मीलान देम्ति”, हळूहळू अंडंसुद्धा पायांनी चालू लागतं, ही म्हण अम्हारिक बोलणाऱ्यांकडे जशीच्या तशी आहे. तरस आणि कातड्याची म्हणही त्यांच्याकडे आहे. तशीच ‘तरस निघून गेल्यावर कुत्रं भुंकलं’, आणि ‘मेलेलं गाढव तरसाला भीत नाही’. शतकानुशतकं एकाच बाजारात धान्य विकणारे, एकमेकांत लग्नं करणारे आणि एकमेकांशी लढलेलेही लोक हे. तरस दोघांच्याही वासरांवर सारखाच डोळा ठेवून होतं. राजकारणात जी भिंत आहे ती म्हणींना अडवू शकलेली नाही.

आता एक कडू भाग. म्हणी सगळ्या शहाण्या नसतात. ‘बाई जाड सापडेल, शहाणी सापडणार नाही’ अशा अर्थाची म्हण ओरोमोत आहे. जेलान वोलिये हुसेन या इथिओपियातल्या अभ्यासकानं 2004 मध्ये अशा म्हणी गोळा करून दाखवून दिलं की बायकांना हलकं लेखण्याचं काम म्हणी किती सहज करतात. मराठी वाचकानं इथं नाक मुरडू नये. आपल्या जुन्या म्हणींच्या पुस्तकात अशी पानं कमी नाहीत. आणि म्हणीचं जे बळ आपण वर पाहिलं तेच इथं घातक ठरतं. ‘मी म्हणत नाही, ओरोमो म्हणतो’ असं म्हटलं की बोलणारा नामानिराळा राहतो. ज्या आडोशानं पाहुण्याची अब्रू राखली, त्याच आडोशाला राहून बाईची अब्रू काढता येते. समोरचीनं उत्तर द्यायचं ते कुणाला? तरसालाही नाही, सगळ्या समाजाला.

पण ओरोमो बायकांकडे उत्तर आहे, आणि ते त्या नुसत्या शब्दांत देत नाहीत. लग्नाच्या दिवशी आई मुलीला एक बारीक, सरळ काठी देते, ‘सिंके’. ती आधाराची नव्हे, हक्काची काठी. नवऱ्यानं बायकोला मारलं, बाळंतिणीला त्रास दिला, तर ती घराबाहेर येऊन आरोळी ठोकते. तिला ‘इय्या सिंके’ म्हणतात, सिंकेची हाकाटी. आवाज कानावर पडलेल्या बायका चूल, मूल, शेत टाकून आपापली काठी घेऊन निघतात आणि त्या घरापुढं जमतात. पुरुषांनी येऊन चूक कबूल करून दंड भरेपर्यंत त्या घरी परतत नाहीत. प्रकरण फारच चिघळलं तर सगळ्या बायका गाव सोडून दूर झाडाखाली जाऊन बसतात आणि गावातली घरं चुलीवाचून राहतात.

‘ज्याचं त्यानं ओरडल्याशिवाय शेजारी धावत नाही’ या म्हणीत ‘अब्बा’ हा शब्द आहे. अब्बा म्हणजे बाप, मालक, धनी. आणि ‘ज्याचा तो’ हाही त्याचाच अर्थ. सिंके घेऊन दारात उभी राहिलेली बाई ओरडते तेव्हा ती बाप नसते, मालक नसते, धनीही नसते. तरी टेकडीच्या पलीकडून पहिली काठी दिसू लागते, मग दुसरी, मग एकामागून एक बाकीच्या.